साठ लिटरची पिशवी

आधी वास आला.
शिनाण्यांच्या तराफ्यांवरून परतताना
एलादिओ म्हणाला, तुझ्या कोटाला येतोय.
मग पावाला यायला लागला,
मग थर्मासमधल्या कॉफीला,
आणि बोटीच्या तळाशी साठलेल्या पाण्यावर
इंद्रधनुष्य दिसलं तेव्हा
आम्ही बहीण-भाऊ गप्प बसलो.
आमच्या बोटीत एवढं सुंदर काही दिसलं
की त्याचे पैसे पडतात.

पुढच्या बाकाखाली टाकी आहे.
टाकी म्हणायचं, पण ती पिशवीच,
रबर चढवलेल्या कापडाची,
बोटीच्या पोटाला पोट लावून निजलेली.
लोखंडी टाकी त्या निमुळत्या नाकात मावेना
म्हणून वडलांनी ही आणली,
आणि सगळा धक्का हसला:
एवारिस्तो निघाला, झोळीत डिझेल घेऊन!

उरलेलं हातपंपाने डब्यांत उपसलं.
एकोणीस लिटर.
इंजिनाने किती प्यायलं, खाडीने किती,
विचारू नका.
नळ्यांच्या पट्ट्या मीच सोडल्या,
त्याचे पंजे तिथे शिरत नाहीत.
चाळीस वर्षं हेच चाललंय: आत शिरायचं मी,
आणि बाहेरून "डावीकडे, डावीकडे" ओरडायचं त्याने.

भांड्यांच्या साबणाने तीनदा आतून खळबळली,
धान्यकोठीच्या दगडी खांबांना दोरी बांधून
वाळत घातली. ओब्दुलिया कुंपणावरून म्हणाली,
कुणाचं कातडं सोललंत?

तोंडाने फुंकायची नाही,
हे वडलांनी स्वतः फुंकून शिकवलं होतं.
दोन दिवस त्यांच्या ढेकरांपासून
आई काडेपेटी लांब ठेवत होती.
रबरी होडीचा पायपंप लावला.
हवा थोडीच, उशीएवढी,
जास्त झाली तर शिवण उसवते.
दाढीच्या ब्रशने फेस माखला
आणि दोघं दोन बाजूंना उकिडवे बसलो.
त्याची पैज कोपऱ्यावर, माझी तोटीच्या कडेवर.
दोघंही हरलो.
पोटाच्या मधोमध, जिथे काही घासायचं कारण नाही,
एक बुडबुडा आला.
मोहरीएवढा.
मग वाटाण्याएवढा.
फुटला, आणि त्याच जागी पुन्हा.

खडूने गोल केला.
मग टॉर्च दातात धरून मी परत बाकाखाली,
त्याच जागी हात फिरवला.
टोचलं.
खालून मारलेल्या स्क्रूचं टोक
फळीतून केसभर वर आलेलं.
चकचकीत. मार्चमधलं.
मार्चमध्ये ती फळी कुणी बसवली
ते मला माहीत होतं.
"काय आहे?" बाहेरून ओरडला.
"लाकडाची गाठ," मी म्हणाले,
आणि कानस मागितली.
कानशीचा आवाज लोखंडाचा येत होता,
गाठीचा नाही.
डावीकडे-उजवीकडे कुणी ओरडलं नाही.

ठिगळ गोल कापायचं,
कोपरा ठेवला तर तो तिथूनच उचलतो.
घासायचं, चकाकी जाईस्तोवर.
पुसायचं. दोन डब्यांतला गोंद कालवायचा,
दोन्हीकडे लावायचा, आणि मग
थांबायचं. हे त्याला जमत नाही.
बोट चिकटलं पाहिजे
पण बोटाला काही लागता कामा नये.
मग दाबायचं, मधून कडेकडे,
आणि वर वडलांची मासळीच्या तराजूची वजनं,
रात्रभर, स्वयंपाकघराच्या फरशीवर.

वजनांना वळसा घालून आम्ही जेवायला बसलो.
सूप अर्ध्यावर आलं तेव्हा म्हणाला,
"आखूड स्क्रू संपले होते. दुकान बंद होतं."
मी म्हटलं, मीठ दे.
त्याने दिलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या दारातलं पायपुसणं
कापून घेऊन आला,
मी न सांगता फळीवर अंथरलं.
नळ्या जोडल्या. दहाच लिटर भरले.
खाली वर्तमानपत्र सरकवलं,
निधनवार्तांचं पान वर,
म्हणजे डाग पडला तर कळेल.

सकाळी कागद कोरडा.
एका कडेला तपकिरी गोल होता, तो माझ्या कपाचा.
सांगितलं तरी
एलादिओने तो तीनदा हुंगला.